सोलापूर ते मोपा: अंतर ३०४ किलोमीटर, मग विमानाला तासाहून अधिक वेळ का?

कुंभारवेस (रविवार, सकाळी ९:१०)

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात माझ्या आतेबहिणीच्या मुलाची मुंज पणजीत आहे आणि आई-वडिलांना सोलापूरहून मोपाला, म्हणजे उत्तर गोव्यातल्या विमानतळावर, विमानाने पाठवायचे घरात ठरले आहे. दोघांचाही हा पहिलाच विमानप्रवास, शिवाय मी सोबत नाही, म्हणून कुठे किती वाजता काय करायचे ते सगळे मी मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून देणार आहे. तो कागद लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीवर अडलो.

विमानतळांमधली अंतरे सांगणाऱ्या एका संकेतस्थळावर दोन्ही नावे टाकली तेव्हा सरळ रेषेतले अंतर ३०४ किलोमीटर आणि उड्डाणाची वेळ २३ मिनिटे आली. दुसऱ्या संकेतस्थळावर अंतर तेवढेच होते, वेळ मात्र ५३ मिनिटे होती. तिकिटावर पाहावे तर तासाहूनही अधिक. मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. ३०४ हा आकडा खरा आहे का, या तीन वेळांपैकी विश्वास कोणत्या वेळेवर ठेवावा, आणि मोपाला न्यायला येणाऱ्या गाडीवाल्याला किती वाजताची वेळ द्यावी. जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सात_रस्ता (रविवार, सकाळी ९:२५)

तिकिटावरची वेळ खरी धरा. बाकीच्या दोन्ही वेळा यंत्राने केलेल्या भागाकारातून आल्या आहेत.

निवृत्त_गणित_शिक्षक (रविवार, सकाळी १०:४०)

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कागद-पेन्सिल घेऊन घरच्या घरी काढता येते, आणि माझ्या मते ते प्रत्येकाने एकदा तरी काढून पाहावे.

सोलापूर विमानतळ साधारण १७ अंश ३८ कला उत्तर अक्षांशावर आणि ७५ अंश ५६ कला पूर्व रेखांशावर आहे. मोपा १५ अंश ४५ कला आणि ७३ अंश ५२ कलांवर येते. अक्षांशांतला फरक १ अंश ५३ कला, म्हणजे ११३ कला झाला. अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल, म्हणजेच १.८५२ किलोमीटर, ही व्याख्या जहाजांच्या काळापासून चालत आलेली आहे आणि विमानांनीही तीच स्वीकारली आहे. त्यामुळे दक्षिणेकडचे अंतर ११३ सागरी मैल ठरले. रेखांशांतला फरक २ अंश ४ कला, म्हणजे १२४ कला आहे. परंतु विषुववृत्तापासून दूर जावे तसे रेखांश एकमेकांजवळ येत जातात, म्हणून या आकड्याला मधल्या अक्षांशाच्या कोज्येने, इथे ०.९५८ ने गुणावे लागते. त्यातून पश्चिमेकडचे सुमारे ११९ सागरी मैल मिळतात. आता काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढला की १६४ सागरी मैल, म्हणजे ३०४ किलोमीटर उत्तर येते. एवढ्या कमी अंतरात पृथ्वीच्या गोलाईने पडणारा फरक दुर्लक्ष करण्याइतका लहान असतो. तेव्हा धागाकर्त्यांनी दिलेले अंतर बरोबर आहे.

ही रेषा नकाशावर आखली तर ती भीमा ओलांडून जतजवळून निघते, अथणी आणि चिकोडी यांच्या आसपास कृष्णेच्या खोऱ्यावरून जाते आणि आंबोलीच्या बाजूने सह्याद्री उतरून मोपाला पोहोचते. शाळेत असताना मी मुलांना असे अंतर नेहमी सोलापूर आणि मुंबई घेऊन काढायला लावत असे. तिथे सरळ रेषा सुमारे ३६२ किलोमीटर येते आणि रेल्वेमार्ग ४५५ किलोमीटर आहे. "सर, मग मधले ९३ किलोमीटर कुठे गेले?" असे एखादा मुलगा दरवर्षी विचारायचाच, आणि मग भोरघाटावर तासभर बोलता यायचे.

विजापूर_नाका (रविवार, दुपारी १२:०५)

गुरुजींनी अंतराचा निकाल लावला आहे, म्हणून मी वेळेबद्दल लिहितो. माझा व्यवसाय विमानाशी संबंधित नाही, पण हा विषय गेली अनेक वर्षे मनापासून वाचत आलो आहे.

२३ आणि ५३ मिनिटे या दोन्ही वेळा ताशी आठशे किलोमीटरच्या जेट विमानाचा वेग धरून काढलेल्या आहेत. ३०४ ला ८०० ने भागले की २३ मिनिटे येतात, आणि चढण्या-उतरण्यासाठी सरसकट अर्धा तास मिळवला की ५३ होतात. कोणत्या मार्गावर कोणते विमान उडते याचा विचार त्या संकेतस्थळांनी केलेलाच नसतो. सोलापूर-मोपा मार्गावरचे विमान एटीआर ७२, म्हणजे पंख्याचे आहे. त्याचा वरच्या उंचीवरचा वेग ताशी ५०० ते ५१० किलोमीटर असतो. सबंध अंतर त्याच वेगाने कापले असे मानले तरी ३६ मिनिटे लागतात, आणि तसे ते कधीच कापले जात नाही. चढताना वेग बराच कमी असतो, दहा हजार फुटांच्या खाली २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची मर्यादा पाळावी लागते आणि उतरताना तो टप्प्याटप्प्याने आणखी कमी करावा लागतो.

दुसरे कारण दिशेचे आहे. आपली धावपट्टी वायव्य-आग्नेय अशी आहे आणि मोपा आपल्या नैर्ऋत्येला आहे. धावपट्टीच्या कोणत्याही टोकाकडून उड्डाण केले तरी विमानाला जवळपास काटकोनात वळूनच मार्गाला लागावे लागते. कोणते टोक वापरायचे ते वारा ठरवतो, कारण विमान समोरून येणाऱ्या वाऱ्यावर उचलावे लागते. मोपालाही उतरण्याची दिशा तशीच ठरते, आणि कधीकधी धावपट्टी खिडकीतून दिसत असताना विमान तिच्या बाजूने पुढे जाऊन मग वळून येते. आई-वडिलांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे विमानतळ मागे पडलेला पाहून ते घाबरणार नाहीत.

तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर येऊन थांबेपर्यंतची असते. तिला ब्लॉक टाइम म्हणतात. चाकांखालचे अडसर काढले तिथून मोजायला सुरुवात होते आणि पुन्हा अडसर लावले की मोजणी संपते. कंपन्या त्यात थोडी जास्तीची मिनिटेही धरून ठेवतात, कारण सकाळच्या पहिल्या फेरीला उशीर झाला तर तो दिवसभराच्या फेऱ्यांना लागत जातो.

होटगी_रोड (रविवार, दुपारी १:३०)

मी डिसेंबरात याच विमानाने गेलो होतो आणि हातातल्या घड्याळावर सगळे टिपून ठेवले होते. तेच इथे देतो.

दार बंद झाले तो शून्य मिनिट धरा. सहाव्या मिनिटाला विमान हलले. ते धावपट्टीवर आले आणि धावपट्टीवरूनच संथपणे शेवटच्या टोकापर्यंत गेले. तिथे त्याने जागच्या जागी वळण घेतले तेव्हा डाव्या खिडकीतून कुंपणापलीकडचे ज्वारीचे शेत पूर्ण फिरून समोर आले. अकराव्या मिनिटाला चाकांनी जमीन सोडली. सत्तावन्नाव्या मिनिटाला मोपाच्या धावपट्टीवर चाके टेकली आणि त्रेसष्टाव्या मिनिटाला विमान जागेवर थांबले. म्हणजे हवेत ४६ मिनिटे आणि हलण्यापासून थांबेपर्यंत ५७ मिनिटे लागली. तिकिटावरच्या वेळेआधीच आम्ही पोहोचलो होतो.

विजापूर_नाका यांना एक प्रश्न आहे. दार बंद होण्याआधीपासून उजव्या बाजूचे इंजिन चालू असल्यासारखा आवाज येत होता, पण त्याचा पंखा मात्र स्थिर होता. शेजारच्या आजोबांनी मला दोनदा विचारले आणि मला उत्तर देता आले नाही.

विजापूर_नाका (रविवार, दुपारी १:५०)

तुमचे निरीक्षण अचूक आहे. मोठ्या जेट विमानांच्या शेपटीत वीज आणि थंड हवा पुरवण्यासाठी एक छोटे स्वतंत्र इंजिन असते. एटीआरमध्ये ते नसते. त्याऐवजी उजव्या इंजिनाच्या पंख्याला ब्रेक लावून नुसते इंजिन चालू ठेवण्याची सोय केलेली आहे. प्रवासी मागच्या दाराने, डाव्या बाजूने चढतात, त्यामुळे उजवे इंजिन चालू असले तरी त्यांना धोका नसतो. निघायची वेळ झाली की ब्रेक सोडतात आणि पंखा फिरू लागतो.

टेरी_टॉवेल (रविवार, दुपारी ३:१५)

आमचा टॉवेलचा कारखाना अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे आणि गोव्यातली हॉटेले ही आमची जुनी गिऱ्हाइके आहेत. या रस्त्यावर मी वीस वर्षे गाडी चालवली आहे, म्हणून थोडे वेगळे मत मांडतो. चर्चा मिनिटांची चालली आहे, पण प्रवास घराच्या उंबऱ्यापासून मोजायला हवा.

विमानाने जाताना मी घरातून विमानतळावर वीस मिनिटांत पोहोचतो. सुटण्याआधी सव्वा तास तिथे असतो. विमानाचा तास-सव्वा तास, मोपाला सामान हातात पडेपर्यंत वीस मिनिटे आणि तिथून पणजीपर्यंतच्या पस्तीस किलोमीटरला आणखी तासभर धरला तर सगळे मिळून चार, फार तर साडेचार तास होतात. गाडीने सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग गडहिंग्लज, आजरा आणि आंबोली असे जावे तर न थांबता आठ तास लागतात, आणि जेवण-चहा धरला तर नऊ-साडेनऊ. विजापूर-बेळगाव-चोर्ला या वाटेनेही यात फार फरक पडत नाही. म्हणजे ज्या प्रवासात हवेत जेमतेम पाऊण तास जातो, त्यात माझे पाच तास वाचतात. सकाळी जाऊन दोन हॉटेलांचे पर्चेस मॅनेजर भेटले की माझे विमानाचे भाडे वसूल होते.

माल मात्र अजूनही टेम्पोनेच जातो. विमानात मी फक्त नमुन्यांची पिशवी नेतो, आणि टॉवेलचे वजन गिऱ्हाइकाला हातात घेऊनच कळते, म्हणून ती पिशवी नेल्यावाचून चालत नाही. चौरस मीटरला चारशे ग्रॅम आणि पाचशे ग्रॅम भरणाऱ्या टॉवेलमधला फरक फोटोत दिसत नाही.

इंद्रायणी_प्रवासी (रविवार, सायंकाळी ५:००)

टेरी_टॉवेल यांचा हिशेब गोव्यासाठी मला मान्य आहे, कारण सोलापूर आणि गोवा यांच्यामध्ये सह्याद्री उभा आहे आणि रेल्वेने जायचे तर मोठा वळसा पडतो. पण तोच हिशेब प्रत्येक मार्गाला लावता येणार नाही. पुणे विमानतळ सोलापूरपासून सरळ रेषेत सुमारे २३८ किलोमीटरवर आहे. तिथपर्यंत विमान सुरू झाले तरी आधीचा सव्वा तास आणि नंतरचा लोहगाव ते पुणे शहर हा प्रवास धरता तीन तासांच्या खाली कोणीही पोहोचणार नाही, आणि वंदे भारत साधारण तेवढ्याच वेळात थेट पुणे स्टेशनवर सोडते. मुंबईला वंदे भारत साडेसहा तास घेते, तिथे विमानाचा फायदा आहे. तरीही रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये झोपून सकाळी मुंबईत उतरणाऱ्याचा दिवसातला एक तासही खर्च होत नाही. लहान विमानतळांमधली अंतरे पाहताना मधे डोंगर आहे की सरळ लोहमार्ग आहे, हे आधी पाहायला हवे.

टेरी_टॉवेल (रविवार, सायंकाळी ५:२०)

पुण्याबद्दल पूर्ण सहमत. पुण्याला मीही हुतात्मा एक्स्प्रेसने जातो.

जतकर (रविवार, सायंकाळी ६:४५)

गुरुजींची रेषा आमच्या गावाजवळून जाते हे वाचून आनंद झाला. आता रोज आकाशात आवाज आला की मुले धावत अंगणात जातील. परंतु त्याच विमानात बसायचे झाले तर आम्हाला आधी शंभराहून अधिक किलोमीटर उलटे सोलापूरला यावे लागते आणि मग तेवढेच अंतर आकाशातून परत येऊन आपल्याच घरावरून पुढे जावे लागते. आमच्यासाठी बसची वाटच जवळची आहे.

सात_रस्ता (रविवार, सायंकाळी ७:३०)

थोडे अवांतर. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधले नियमित विमान २.७ किलोमीटर उडते. वेळापत्रकात दोन मिनिटे असतात आणि वारा अनुकूल असताना ५३ सेकंदांत पोहोचल्याचा विक्रम आहे. मधे समुद्र असला की पावणेतीन किलोमीटरसाठीसुद्धा विमान लागते. इंद्रायणी_प्रवासी यांचा डोंगराचा मुद्दा तिथे समुद्राला लागू होतो.

निवृत्त_गणित_शिक्षक (रविवार, रात्री ८:१५)

वाऱ्याचा एक हिशेब राहिला होता. पावसाळ्यात आपल्याकडे वारे पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून वाहतात, म्हणजे गोव्याला जाताना वारा समोरून आणि परतताना पाठीमागून येतो. विमानाचा वेग ताशी ५१० आणि वाऱ्याचा ४० किलोमीटर मानला तर जाताना ३०४ भागिले ४७०, म्हणजे ३९ मिनिटे लागतील आणि येताना ३०४ भागिले ५५०, म्हणजे ३३ मिनिटे. एकाच रेषेवर जाण्यायेण्यात सहा मिनिटांचा फरक पडतो. जेट विमानाचा वेग जास्त असल्याने हाच वारा त्याला कमी जाणवतो.

म्हापशाची_सून (रविवार, रात्री ९:४०)

माझे माहेर सोलापुरात बाळीवेशीत आणि सासर म्हापशात आहे, त्यामुळे हा धागा माझ्यासाठीच निघाला आहे असे वाटले. लग्नाला बारा वर्षे झाली. इतक्या वर्षांत आई माझ्याकडे दोनदाच येऊ शकली. तिचे गुडघे दुखतात आणि आंबोलीच्या वळणांवर तिला उलट्या होतात. दुसऱ्या खेपेला आजऱ्यापासून सावंतवाडीपर्यंत ती डोळे मिटून, हातात लिंबू धरून बसली होती. २०२५ च्या जूनमध्ये विमान सुरू झाले आणि दिवाळीनंतर ती पहिल्यांदा एकटी आली. दाराबाहेर आली तेव्हा तिने मला पहिला प्रश्न विचारला, "अगं, एवढ्यातच आलं?" तिने शेंगाची चटणी आणि कडक भाकऱ्या मांडीवरच्या पिशवीत आणल्या होत्या, आणि त्या पिशवीची गाठ सोडायलाही तिला वाटेत वेळ मिळाला नव्हता. अंतराचे गणित मला गुरुजींसारखे मांडता येत नाही, पण माझ्या आईपुरते माहेर आणि सासर यांतले अंतर त्या दिवशी कमी झाले.

धागाकर्त्यांसाठी उपयोगाच्या काही गोष्टी सांगते. गोव्यात दोन विमानतळ आहेत. जुना दाबोळीचा दक्षिणेकडे, वास्कोजवळ, नौदलाच्या तळावर आहे आणि मोपाचा उत्तरेकडे पेडणे तालुक्यात आहे. गाडीवाल्याला नुसते "गोवा एअरपोर्ट" सांगू नका, मोपा असे स्पष्ट सांगा. आमच्या एका पाहुण्यांना न्यायला गेलेली गाडी दाबोळीला जाऊन उभी राहिली होती, आणि ते अंतर भरून यायला तिला दीड तास लागला. दुसरे, मोपा सोलापूरपेक्षा खूप मोठे आहे. विमानातून उतरून बाहेर येईपर्यंत वयस्कर माणसांना चांगले चालावे लागते. चालण्याचा त्रास असेल तर चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवा. तिसरे, पावसाळ्यात जाणार असाल तर हातात एक-दोन तास राखून ठेवा. दुसऱ्या एका शहरातून मोपाला येताना आमचे विमान जुलैत पावसामुळे वीस मिनिटे वरच घिरट्या घालत होते आणि मग उतरले.

होटगी_रोड (रविवार, रात्री १०:०५)

ताईंचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला.

आपल्या विमानतळाबद्दल एक गोष्ट नव्या सदस्यांसाठी नोंदवतो. विमान उतरण्याच्या मार्गात येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची उंच चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. त्यावर शहरात दोन्ही बाजूंनी तीव्र भावना होत्या आणि त्या इथे पुन्हा उकरून काढण्याचा माझा हेतू नाही. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना विशिष्ट उतारात आकाश मोकळे असावे लागते, एवढा नियम मला त्यातून समजला. नवी टर्मिनल इमारत सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. म्हणजे आपल्यासाठी ३०४ किलोमीटर कायम तेवढेच होते. ते पाऊण तासाचे व्हायला मात्र इतकी वर्षे लागली.

इंद्रायणी_प्रवासी (रविवार, रात्री १०:३०)

हा मुद्दा उलट दिशेनेही पाहावा असे मला वाटते. गोव्याहून पंढरपूरला आणि अक्कलकोटला येणारे भाविक पुष्कळ आहेत. सोलापुरातून अक्कलकोट चाळीस, तुळजापूर पंचेचाळीस आणि पंढरपूर सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे. विमानतळावरून या तिन्ही गावांना वेळेवर सुटणारी एसटी मिळाली, तर या मार्गाला प्रवाशांची वाण पडणार नाही. मुंबई आणि बंगळूरूच्या विमानांनाही तेच लागू आहे.

कुंभारवेस (सोमवार, सकाळी ७:५०)

सर्वांचे मनापासून आभार. एवढे तपशीलवार उत्तर मिळेल अशी अपेक्षा नव्हती. रात्री कागद पूर्ण केला आणि सकाळी चहाच्या वेळी आईला वाचून दाखवला.

विमान सुटण्याच्या दोन तास आधी घरातून निघायचे. विमानात बसल्यावर उजवीकडून आवाज आला आणि पंखा फिरत नसला तरी काळजी करायची नाही. विमान आधी धावपट्टीच्या टोकापर्यंत जाईल, तिथे वळेल, मग उडेल. मोपा जवळ आल्यावर विमानतळ मागे पडल्यासारखा वाटला तरी ते वळून परत येते. चाकाची खुर्ची वडिलांसाठी कालच मागितली. त्यांनी आधी नको म्हटले, पण म्हापशाच्या ताईंनी लिहिलेले वाचल्यावर तयार झाले. गाडीवाल्याला मोपा असे दोनदा सांगितले आहे आणि तिकिटावरच्या पोहोचण्याच्या वेळेनंतर वीस मिनिटांची वेळ दिली आहे. आधी पोहोचले तर आत बाकावर बसायचे, उशीर झाला तर तो थांबेल असे त्याने कबूल केले आहे.

गुरुजींची रेषा मी त्याच कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलने काढून दिली आहे: भीमा, जत, अथणी, चिकोडी, आंबोली. आईचे माहेर अथणीजवळचे. तिला खिडकीची जागा कोणत्या बाजूची घ्यावी, एवढे कोणी सांगू शकेल का?

विजापूर_नाका (सोमवार, सकाळी ८:२०)

रेषेवर आखून पाहिले. अथणी सरळ रेषेच्या किंचित दक्षिणेला, म्हणजे जाताना डाव्या हाताला येते. विमान थोडे इकडे-तिकडे गेले तरी डावीच बाजू घ्या, आणि पंख्याच्या मागची रांग घ्या. एटीआरचे पंख छताच्या उंचीवर असतात, त्यामुळे खालचे सगळे दिसते. उड्डाणानंतर वीस मिनिटांच्या आसपास खाली पाहायला सांगा. कृष्णेचा पट्टा दिसण्याआधी अथणी येऊन जाईल.

कुंभारवेस (सोमवार, सकाळी ८:३५)

डाव्या बाजूची, मागून चौथ्या रांगेतली खिडकी घेतली. "वीस मिनिटांनी खाली पाहणे" हे कागदावर लाल पेनाने लिहिले आहे.